पट्टी न काढता

भाऊ, फ्लोरीमावशीच्या टेम्पोचं खरं काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या सकाळी खाटेवरून तुम्ही विचारलंत, "सुरू झाली?" आणि मी म्हणाले, "पहिल्या चावीला." ते खोटं होतं. एकोणीस वर्षं मी या घरात तुमची सून म्हणून वावरले. त्या काळात गाडीच्या बाबतीत तुमच्याशी बोललेलं हे एकच खोटं, आणि ते मागे घेण्याआधीच तुम्ही निघून गेलात.

गेले दोन आठवडे ओटीवर माणसं येऊन बसतात. तुमचा स्वभाव, तुमची केळीची वाडी, तुमचं कमी बोलणं, सगळ्यांचं सांगून होतं. मी चहा देते, ऐकते. मला मात्र तुमच्याशी हातभर लांबीच्या एका वायरीविषयी बोलायचं आहे, आणि ओटीवरच्या कुणाला ते कळायचं नाही.

मी या वाडीत आले ती बोळिंजच्या चौथ्या मजल्यावरून, मराठी कवितेत एम.ए. करून. तुमच्या घरची बोली मला पहिले सहा महिने कळली नाही. तुमच्या ते लक्षात आलं होतं. म्हणून माझ्याशी तुम्ही शाळेतली मराठी काढायचात, आणि ती तुम्हाला लग्नातल्या कोटासारखी जरा घट्ट व्हायची. सकाळी केळींना पाणी सोडून झालं की वाडीच्या तोंडाशी असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही बसायचात. बाहेर पाटी नव्हती. तरी डिझेल गाडीच्या विजेचं दुखणं घेऊन पार आचोळ्यापासून माणसं यायची. मला त्या शेडचा वास नकोसा वाटे: जळकं रबर, डिझेल, बॅटरीचा आंबूस दर्प. मी चहाचा कप उंबऱ्यावर ठेवून परत फिरायची.

पौषातल्या एका सकाळी तुम्ही हाक मारलीत. "बाय, आत ये. आणि दार लोट."

शेडमध्ये अंधार झाला. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या चार-दोन काड्या तेवढ्या आत उतरल्या होत्या. तुमच्या हातात करंगळीएवढी धातूची कांडी होती. डिझेलला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच ते पेटतं, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलंत. आणि थंड सकाळी जुन्या इंजिनाला ती उष्णता पुरत नाही, म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये अशी एक कांडी काही क्षण आधी तापवावी लागते, हेही. तिला ग्लो प्लग म्हणतात.

"तिच्या अंगावरचा आकडा वाच."

"बारा."

"मग चालेल. कमी व्होल्टची असती आणि बारा दिले असते, तर मेलीच असती बिचारी."

तुम्ही तिला चिमट्यात धरून बॅटरीच्या वायरी लावल्यात. आधी काहीच झालं नाही. मग टोकाशी एक काळसर तांबूस छटा आली, इतकी पुसट की ती डोळ्यांत आहे की धातूत, हे मला ठरवता येईना. ती छटा गडद झाली, पिकल्या डाळिंबाच्या दाण्याची झाली, मग केशरी, आणि मग त्या केशरी उजेडात मला तुमच्या बोटांवरच्या सगळ्या रेघा दिसल्या. आवाज नाही, धूर नाही, ज्योत नाही. माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत उजेडाविषयी जे काही वाचलं होतं, ते वाचताना मी बहुधा डोळे मिटून बसले होते, असं वाटलं.

"हे रोज होतं? बंद इंजिनाच्या आत? कुणाला दिसत नसताना?"

"रोज," तुम्ही म्हणालात. "माझा चहा कुठाय?"

त्या दिवसापासून मी चहा उंबऱ्यावर ठेवणं सोडलं.

तुमची रीत मी हळूहळू शिकले. दुसरे लोक गाडी सकाळी सुरू होईना की आधी चारही प्लग बदलत. तुम्ही म्हणायचात, प्लग सर्वांत शेवटी. त्याला न विचारता सगळे पहिली शिक्षा त्यालाच देतात. चावी अर्धी फिरवून कान द्यायचा, रिलेचा, म्हणजे प्लगांना वीज सोडणाऱ्या डबीतल्या स्विचचा, 'टक्' ऐकू येतो का. रिलेपासून एक जाड वायर निघते आणि इंजिनावरच्या एका धातूच्या पट्टीला वीज पोचवते. त्या पट्टीनं चारही प्लगांची डोकी एकमेकांना जोडलेली असतात. वीज कुठपर्यंत पोचली आणि कुठे थांबली, एवढंच शोधायचं. पण या सगळ्याच्याही आधी तुमचा एक प्रश्न असायचा, आणि तो ऐकून नवी माणसं गोंधळायची.

विरारच्या नव्या इमारतीतून आलेला तो चष्मेवाला आठवतो? "काका, प्लग बदलून टाका चारही, मी आणलेत."

"गाडी कुठल्या पाण्यानं धुता?"

"अहो, पाण्याचा काय संबंध?"

"संबंध मी बघतो. विहीर कुणाची?"

कुणाची विहीर गोडी, कुणाची मचूळ झाली, कुणाच्या पाण्यात उन्हाळ्यातच खार चढतो, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ होतं. समुद्र इथे जमिनीखालून चालत येतो, बाय, असं तुम्ही म्हणायचात. आणि बादलीतून इंजिनावर पडतो. त्याला तांबं फार आवडतं. मग तुम्ही एखाद्या वायरीचं टोक सोलून दाखवायचात. आत हिरवी-निळी पूड असायची, मोरपिसाच्या रंगाची, इतकी सुंदर की बिघाड म्हणायला जीव धजू नये. मी तसं म्हटलं की तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि पूड फुंकर मारून उडवून द्यायचात.

मग तुमच्या डोळ्यांत पडदा आला, हातही कापायला लागले. ऑपरेशन झालं, तरी मीटरचे बारीक आकडे दिसेनात. सहा वर्षं ते आकडे मी वाचले. तुम्ही बोटांनी वायर चाचपायचात, मी शेजारी उभी राहून सांगायची: अकरा पॉइंट आठ, अकरा पॉइंट पाच. तुमचा मुलगा एकदा रविवारी खिडकीतून बघून हसला होता. "तुम्ही दोघं जप करताय का?" त्यावर तुम्ही म्हणालात, "तुझ्या बायकोला जमतो. तुला नाही जमला." पुढे तो आठवडाभर फुरंगटून होता.

भांडणही त्याच काळातलं. मी सगळं एका वहीत उतरवायला लागले होते. कुठल्या गाडीत काय निघालं, कुठे किती व्होल्ट. तुम्हाला ती वही आवडायची नाही.

"लिहितेस कशाला?"

"विसरू नये म्हणून."

"लिहिलं की हात निश्चिंत होतात. हातांना निश्चिंत होऊ देऊ नये."

"तुम्ही काही सांगत नाही, भाऊ, म्हणून लिहिते. नुसतं करत राहता. का करता ते सांगाल तर वही लागणार नाही."

"का ते मलाच माहीत असतं असं तुला कुणी सांगितलं?"

मी रागानं वही मिटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. हे भांडण आपण सहा वर्षं तसंच चालू ठेवलं, ना तुम्ही वही बंद करवलीत, ना मी तुमच्याकडून एक कारण वदवून घेतलं.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी तुम्हाला घरी न्यायला सांगितलं. मधल्या खोलीत खिडकीशी तुमची खाट टाकली. आणि त्याच आठवड्यात फ्लोरीमावशी आल्या. केळींच्या पलीकडे त्यांचं घर. पहाटे भाजी आणि चाफ्याची फुलं भरून बाजाराला जाणारा तो जुना टेम्पो त्या स्वतःच चालवतात, साडीचा पदर कमरेला खोचून, आरशाला रोझरी अडकवून. टेम्पो सकाळी सुरू व्हायला कुरकुर करत होता. त्या तुमच्याकडे बघायला म्हणून आल्या आणि दारातच माझ्या कानाशी लागल्या, "तू बघशील का गो? भाऊला नको तरास."

मी बघितलं. पहिल्यांदाच एकटीनं. वही जवळ ठेवली होती. आधी प्लगांवरची पट्टी नट काढून अलग केली आणि प्रत्येक प्लग टेस्ट लॅम्पनं तपासला. चारही वेळा दिवा लागला, चारही शाबूत. मग वायरीच्या मोकळ्या टोकाशी मीटर लावला: बारा पॉइंट चार. रिले मात्र मधूनच अडखळत टकटकत होता. मी नवा रिले बसवला, पट्टी जागेवर घातली, आणि भर दुपारी तीन वाजता टेम्पो सुरू झाला. मावशींनी माझ्या गालाला हात लावला. संध्याकाळी मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता.

"बारा पॉइंट चार," तुम्ही म्हणालात. "पट्टी काढून?"

"हो, काढूनच. नीट तपासलं."

तुमची बोटं वायर चाचपावी तशी चादरीच्या काठावरून फिरली. मग म्हणालात, "सकाळी बघू."

सकाळी केळींच्या पलीकडून चावीचा घरघराट ऐकला. इंजिन गरगरत होतं, पेट घेत नव्हतं. मी धावत गेले. मावशींनी शेजारचे दोघे बोलावून टेम्पो ढकलत नेला, गिअर टाकला. एक हिसका बसला, आणि पांढऱ्या धुराचा एवढा मोठा लोट उठला की पलीकडचा चाफा दिसेना. कच्चं डिझेल न जळता बाहेर पडलं की असा धूर येतो. प्लग तापलेच नव्हते. "मी येते मागनं, बाजार चुकेल," असं ओरडून मावशी निघून गेल्या.

मी परत आले तर तुमचे डोळे उघडे होते. तुम्ही विचारलंत, मी ते उत्तर दिलं. मग तुम्ही आणखी एक शब्द बोललात. "धूर?"

"नव्हता."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि खिडकीकडे तोंड केलंत.

तुम्हाला शांतपणे जाऊ द्यायचं होतं, असं मी नंतर स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं आहे. मला तुमच्या नजरेत चुकायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाण्याचे दोन घोट घेऊन, तुम्ही गेलात.

घरात सुतक लागलं. आपल्याकडे सुतकात हत्यारांना हात लावत नाहीत; तुमची पत्र्याची पेटी तेरा दिवस शेडमध्ये बंद राहिली. मी रोज पहाटे कान देऊन पडायची. केळींच्या पलीकडून चावीचा आवाज येईना. मला वाटलं, मावशींनी टेम्पो दुसऱ्या कुणाला दाखवला असेल. विचारायचं धाडस झालं नाही. दहाव्याला त्या आल्या, तुमच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून रडल्या, आणि माझ्याशी टेम्पोचं अक्षर बोलल्या नाहीत.

तेरावं झालं. चौदावा दिवस रविवार होता. उजाडताच मी पेटी उचलली आणि मावशींच्या घरी गेले. त्या चर्चला निघाल्या होत्या.

"टेम्पो कुठाय, मावशी?"

"चर्चच्या उतारावर. वाडीत जागा नाय गो." त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. "मी मिसाला बसते. तू बघ."

चर्चच्या आवारातून रस्त्याकडे जो जरासा उतार आहे, तिथे टेम्पो दवात भिजून उभा होता. आतून मिसाच्या प्रार्थनेचे सूर येत होते. मी बॉनेट उघडलं, वही काढली, आणि तेच सगळं पुन्हा करायला पट्टीच्या नटाला पाना लावला. आणि भाऊ, हात थांबले. मी नाही थांबवले. त्या हातांनी सहा वर्षं तुमच्या हातांशेजारी काम केलं होतं, आणि त्यांना आठवलं की तुम्ही सुरुवातीला पट्टी कधीच काढली नव्हतीत. एकदाही नाही. मीटरचं एक टोक पट्टीवर, दुसरं इंजिनाच्या अंगावर, आणि गाडीवाल्याला म्हणायचात, "फिरव चावी." वहीत मी आकडे लिहिले होते, ते कसे घेतले, हे कुठेच लिहिलं नव्हतं. तुम्ही सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

पट्टी तशीच ठेवून मी मीटर लावला. मिसाला उशिरा आलेली एक बाई आवारातून घाईनं चालली होती. तिला चावी फिरवायला सांगितलं. रिलेचा टक् ऐकू आला आणि बारावरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत खाली घसरला: अकरा, नऊ, सात. मोकळ्या टोकाशी वीज भरपूर दिसत होती. चार प्लग ती मागायला लागले, की वाटेतच संपत होती. रिलेच्या तोंडाशी मोजलं तर साडेअकरा. म्हणजे हातभर वायरीत साडेचार व्होल्ट कुठेतरी हरवत होते. मी मीटर बाजूला ठेवला आणि तुमच्यासारखी ती वायर बोटांनी चाचपत गेले. गार, गार, गार. आणि पट्टीशी जोडलेल्या टोकाला, काळ्या वेष्टनाखाली, मला चटका बसला. सिलिंडरमध्ये जायची सगळी ऊब तिथे साठून राहिली होती.

वेष्टन कापलं. आत तीच मोरपंखी पूड. तांब्याच्या तारांपैकी चार-पाचच धड उरल्या होत्या. एका प्लगचीही भूक भागवू न शकणाऱ्या, पण मीटरला बारा दाखवायला पुरेशा. मी तिथेच उकिडवी बसले. मावशी दर शनिवारी विहिरीच्या पाण्यानं टेम्पो धुतात, बॉनेट उघडून इंजिनसुद्धा, रविवारी देवाच्या दारात घाण गाडी नको म्हणून. त्यांची विहीर मचूळ झालेली आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. तुमचा तो पहिला प्रश्न, मावशी घरच्याच म्हणून, मी त्यांना विचारलाच नव्हता.

झिजलेलं टोक कापून लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे आले, नवी थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची तांब्याची कडी, दाबून बसवली, वर ग्रीस लावलं. तेवढ्यात मिसा सुटली. मावशी पायऱ्या उतरून थेट टेम्पोत चढल्या. चावी अर्धी फिरवून त्या थांबल्या, समोरचा प्लगांचा दिवा विझू दिला, मग पूर्ण फिरवली. इंजिन लगेच बोलायला लागलं. मागे नुसती सकाळची स्वच्छ हवा होती.

"सापडला?" त्यांनी विचारलं.

"वायरीच्या टोकात होतं. मावशी, मी भाऊंना खोटं सांगितलं होतं. पहिल्या चावीला सुरू झाली म्हणून."

मावशींनी इंजिन बंद केलं आणि पदरानं कपाळ पुसलं. "त्याला ठाऊक होता गो. बाजारातनं आले ना मी त्या दिवशी, तू औषध आनायला गेलेलीस. मला विचारतो, फ्लोरी, सातदा मारलीस चावी का आठदा? मी म्हटला आठदा. तर बोलतो, एकदा मला झोप लागली असेल."

मी हातातला पाना पेटीत ठेवला.

"मग म्हनाला, तिला सापडेल. पन मी आता दोन दिवसांचा. मी गेलो की तेरा दिवस ती पेटीला हात लावनार नाय. चौदाव्याला लावेल. तोवर गाडी उतारावर ठेव, घरंगळत सुरू होईल, दुसऱ्याकडं नेऊ नको."

"आणि आज सापडलं नसतं तर?"

"तर उद्या मी बोलनार होते. पट्टीकडचा टोक. जागा सांगून ठेवलेली त्यानं."

"तेरा दिवस, मावशी? तुम्ही रोज पहाटे भाजीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन इथवर चालत आलात?"

"मान बघ माझी, वाकडी झाली," त्या हसल्या. "भाऊला शिव्या पन घातल्या चार. पन शब्द दिलेला."

मला तुमचा राग आला, भाऊ. अजूनही येतो. एका बाईच्या मानेवर तेरा दिवस टोपल्या ठेवून सुनेला शिकवायचं, हे कुठलं शिकवणं? आणि त्याच रागाच्या तळाशी मला काहीतरी थरथरताना दिसतं, ज्याला नाव देता येत नाही. श्वास अपुरा पडत असताना, केळींच्या पलीकडचा आवाज आणि मी सांगितलेला एक आकडा, एवढ्यावर तुम्ही ती वायर शोधलीत. स्वतःचं मरण बाकीच्या कामांसारखं त्यात मांडलंत. माझं खोटं ऐकलंत आणि त्याला "बरं" म्हणालात.

तुम्हाला हे येण्यात उभा जन्म गेला असं तुम्ही म्हणायचात. मला तुम्ही एक दिवस नेमून दिलात. कमी पडेल असं तुम्हाला वाटलं नाही, याच्यापुढे मी मान झुकवते.

मिसा सुटायच्या आत सापडलं. दिवस पुष्कळ उरला, भाऊ.